बास्केटबॉलची पंचगिरी शिकताना: उभे राहण्याची जागा, निर्णय आणि प्रशिक्षकांचे वर्तन

बास्केटबॉलचे नियम तोंडपाठ असलेला नवखा पंचही सामन्यात चुकीचा निर्णय देतो, आणि त्याचे कारण शोधू लागल्यास बहुतेक वेळा असे आढळते की त्या क्षणी तो नको त्या ठिकाणी उभा होता. दोन खेळाडूंच्या मधली फट त्याला दिसत नव्हती, म्हणून त्याने अंदाज बांधला. अंदाजावर शिट्टी वाजवली, म्हणून खुणेत ठामपणा आला नाही. आणि ठामपणा नसल्याचे बाकावरच्या प्रशिक्षकांनी लगेच हेरले. जागा, निर्णय आणि प्रशिक्षकांशी होणारा व्यवहार हे तीन विषय शिबिरांत वेगवेगळे शिकवले जातात, पण मैदानावर ते असे एकमेकांत गुंतलेले असतात. नागपुरात काही वर्षे खेळून आता शिट्टी हाती घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. त्यात फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार दोन पंचांनी चालवायच्या सामन्याची पद्धत गृहीत धरली आहे, कारण सुरुवातीच्या काळात शालेय, आंतरमहाविद्यालयीन आणि क्लबच्या सामन्यांत तुम्हाला बहुधा दोघांनीच काम करावे लागेल.

सामन्यापूर्वीची तयारी

नियमांनुसार पंचांचा अधिकार सामन्याच्या नियोजित वेळेच्या २० मिनिटे आधी सुरू होतो. तुम्ही मात्र त्याच्याही बऱ्याच आधी पोहोचावे, कारण मोकळ्या मैदानावर पाहण्यासारखे पुष्कळ असते. पंचाचा शर्ट, काळी लांब पँट, काळे मोजे आणि काळे बूट हा पोशाख नीटनेटका असावा, आणि शिट्टी मण्याविना वाजणारी असावी. कॅनडाचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी अशी शिट्टी तयार करवून घेतली, ती साध्या शिट्टीतला मणी ऐन सामन्यात अडकतो म्हणूनच.

कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, आणि रेषांच्या बाहेर किमान २ मीटर मोकळी जागा हवी. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी ही काळजी करावी लागत नाही. शाळेच्या किंवा वस्तीतल्या सिमेंटच्या कोर्टावर मात्र प्रेक्षक थेट रेषेला खेटून उभे असतात, आणि बास्केटमागच्या एंडलाइनबाहेर तुम्हाला उभे राहायला जागाच उरत नाही. सामना सुरू होण्यापूर्वी आयोजकांना सांगून ती जागा मोकळी करून घ्यावी. सिमेंटवर धूळ असेल तर झाडून घ्यावी, कारण धुळीवर घसरलेला पाय आणि धक्क्याने घसरलेला पाय दुरून सारखेच दिसतात. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरची आहे ना, हे पाहावे. २०१० पूर्वीची ६.२५ मीटरची पुसट रेषाही शिल्लक असेल, तर कोणती रेषा धरायची हे दोन्ही संघांना आधीच सांगावे. बास्केटखालचे १.२५ मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखलेले नसेल, तर तेही दोन्ही प्रशिक्षकांच्या समोर स्पष्ट करावे. संघाच्या बाकाची हद्द दाखवणाऱ्या रेषा नसल्यास खडूने ओढून घ्याव्यात. पुढे प्रशिक्षक कोर्टात शिरले की नाही हा वाद होतो, तेव्हा ही खडूची रेषा फार उपयोगी पडते.

त्यानंतर सहकारी पंचाशी दहा मिनिटे तरी बोलावे. कोण कोणता भाग पाहणार, दोघांची शिट्टी एकाच वेळी वाजली तर कोण पुढे जाणार, क्वार्टरच्या शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू वेळेत सुटला की नाही हे कोण ठरवणार, हे आधी ठरलेले असावे. टेबलावर बसलेल्या स्कोअरर, टायमर आणि शॉट क्लॉक (शॉटसाठी दिलेली वेळ मोजणारे घड्याळ) चालकाशीही ओळख करून घ्यावी. मी तर असे म्हणेन की ज्याला पंच व्हायचे आहे, त्याने आधी एक पूर्ण हंगाम टेबलावर काम करावे, म्हणजे अस्पष्ट खुणा करणारा पंच त्या लोकांना किती त्रास देतो हे अनुभवाने कळते.

उभे कुठे राहायचे

दोन पंचांपैकी जो हल्ल्याच्या पुढे जाऊन एंडलाइनबाहेर उभा राहतो तो लीड, आणि जो चेंडूच्या मागे राहतो तो ट्रेल. चेंडू उलट दिशेला गेला की ट्रेल हा लीड होतो आणि लीड हा ट्रेल. दोघेही साधारणपणे आपापल्या डाव्या अंगाला राहतात, त्यामुळे दहाही खेळाडू दोघांच्या मधोमध येतात आणि कोणत्याही जोडीकडे एकाची तरी नजर पोहोचते. नियमपुस्तकातल्या आकृत्या पाहून हे सोपे वाटते. खरी अडचण पुढे आहे: योग्य भागात उभे राहूनही समोरचे दिसेलच असे नाही.

दिसण्यासाठी तुमची नजर बचाव करणारा आणि चेंडू घेतलेला खेळाडू यांच्या मधल्या फटीतून गेली पाहिजे. तुम्ही एखाद्या खेळाडूच्या सरळ पाठीमागे असाल, तर त्याच्या पुढे झालेला हाताचा स्पर्श तुम्हाला दिसत नाही, फक्त परिणाम दिसतो, आणि परिणामावरून कारण ठरवणे ही नवख्या पंचाची सर्वांत घातक सवय आहे. अशा वेळी धावत दहा पावले जायची गरज नसते. बाजूला एक-दोन पावले सरकले की फट उघडते. खेळाडू सरकले की ती पुन्हा मिटते, म्हणून पुन्हा सरकावे लागते. चांगला पंच सतत छोट्या हालचाली करत असतो, पण टक्कर होण्याच्या क्षणी तो स्थिर असतो, कारण धावताना डोळ्यांसमोरचे चित्र हलते. दृष्टिकोन नीट असेल तर चार-पाच मीटरचे अंतर मुळीच जास्त नाही. उलट फार जवळ गेल्यास पायांकडे पाहताना हात सुटतात आणि हातांकडे पाहताना पाय.

लीडने एंडलाइनच्या एक-दोन पावले बाहेर राहावे, रेषेला चिकटू नये. त्याच्याकडे बास्केटजवळचे रेटारेटीचे खेळ, पोस्टवर (बास्केटजवळच्या जागी) पाठ लावून चेंडू मागणारा खेळाडू आणि चेंडूपासून दूर लावलेले स्क्रीन (बचावपटूची वाट अडवण्यासाठी उभे राहणे) असतात. नवख्याची नजर चेंडूमागे धावते, आणि ती खेळाडू असतानाची जुनी सवय असल्यामुळे लवकर सुटत नाही. चेंडू ट्रेलच्या भागात असेल तेव्हा लीडने चेंडूकडे पाहण्याचे काही कारण नसते. त्याने त्या वेळी पाहायचे असते ते पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या आखलेल्या भागात, कोण कोणाच्या कमरेला हात लावून ढकलतो आहे ते. चेंडू बास्केटकडे येऊ लागला की मग बचाव करणाऱ्यावर नजर ठेवून त्याचे येणे स्वीकारावे.

ट्रेलचे काम जास्त कष्टाचे आहे असे माझे मत आहे. चेंडूच्या किंचित मागे आणि डावीकडे, साधारण तीन ते पाच मीटरवर राहून त्याने ड्रिबल करणारा व त्याच्यासमोरचा बचावपटू, तीन गुणांच्या शॉटच्या वेळी पाय रेषेमागे आहेत की नाहीत, मागील कोर्टातून चेंडू ८ सेकंदांत पुढे आला की नाही, आणि शॉट हवेत असताना बास्केटवर कोणी बेकायदा हात घातला का, हे सगळे पाहायचे असते. क्वार्टर संपतानाच्या शॉटचा निर्णयही त्याचाच. शॉट सुटला की अनेक जण चेंडूच्या मागोमाग वर पाहू लागतात. तसे न करता शॉट मारणारा सुखरूप खाली उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवावी, कारण उतरत्या पायाखाली बचावपटूचा पाय येणे ही घोटा मोडणारी गोष्ट आहे. मग दोन पावले आत येऊन रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यासाठी) मागून चढणारे पाहावेत. चेंडू दूरच्या उजव्या बाजूला गेल्यास ट्रेलने मध्याकडे सरकावे. आपल्या जागी खिळून राहून पंधरा मीटरवरून निर्णय देऊ नयेत.

वेगवान प्रतिहल्ल्यात नवा लीड चेंडूच्या आधी एंडलाइनवर पोहोचला पाहिजे. उलटे धावू नये. सरळ पळावे आणि खांद्यावरून मागे पाहत राहावे. नागपूरच्या उन्हाळी स्पर्धांत संध्याकाळी सहा वाजताही सिमेंट तापलेले असते, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये दमलेला पंच अर्ध्या कोर्टावरूनच शिट्टी वाजवू लागतो. म्हणून धावण्याचा सराव हा पंचाच्या अभ्यासाचाच भाग समजावा. मोकळ्या मैदानावर मावळतीचे ऊन एका बाजूने सरळ डोळ्यांत येते. ती बाजू कोणती हे सराव चालू असतानाच पाहून ठेवावे आणि त्या बाजूला कोन थोडा बदलून घ्यावा.

काय फाऊल आणि काय नाही

बास्केटबॉलमध्ये दहा जण मर्यादित जागेत वेगाने हलतात, त्यामुळे स्पर्श होणारच. प्रत्येक स्पर्श फाऊल नसतो, हे नियमच सांगतात. सहज घडलेला आणि कोणालाही गैरफायदा न देणारा स्पर्श सोडून द्यावा आणि खेळाचा ओघ राखावा अशी त्यांची अपेक्षा आहे. मग प्रश्न असा विचारावा की या स्पर्शामुळे समोरच्याची गती, तोल किंवा लय बिघडली का. ड्रिबल करणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवला आणि तरीही तो सरळ निघून गेला, तर थांबावे. त्याच हाताने त्याला दिशा बदलावी लागली, तर शिट्टी वाजवावी. यासाठी शिट्टी थोडी धीराने वाजवण्याची सवय लावावी लागते. खेळीचा आरंभ, मध्य आणि शेवट पाहून मग निर्णय दिला, तर तो अर्धा सेकंद उशिरा येतो, पण बरोबर येतो.

सर्वांत अवघड निर्णय ब्लॉक (बचावपटूने बेकायदा अडवले) की चार्ज (चेंडू घेतलेला खेळाडू बचावपटूवर आदळला) हा असतो. इथे बचाव करणाऱ्याकडे पाहिले तरच उत्तर मिळते. तो प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आधी जागेवर आला होता का? चेंडू घेतलेल्या खेळाडूसमोर अशी जागा घेताना वेळ आणि अंतराचा विचार करावा लागत नाही, म्हणजे बचावपटू अगदी शेवटच्या क्षणीही समोर येऊ शकतो. फक्त प्रतिस्पर्धी हवेत झेपावण्यापूर्वी तो तिथे असला पाहिजे. एकदा जागा घेतल्यावर तो मागे किंवा बाजूला सरकला म्हणून त्याचा हक्क जात नाही. तो सरळ वर उडाला आणि हात स्वतःच्या उभ्या हद्दीत ठेवले, तरी तो कायदेशीरच आहे. धक्का त्याच्या छातीवर बसला, तर बहुधा चार्ज. तो बाजूने येऊन खांदा किंवा मांडी मध्ये घालत असेल, तर ब्लॉक. «तो तर हलत होता» हा बाकावरून येणारा सर्वांत नेहमीचा आक्षेप आहे, आणि हलणे हा गुन्हा नाही हे तुम्हाला ठाऊक असले म्हणजे त्याने डगमगायला होत नाही.

अर्धवर्तुळाचा नियम यात भर घालतो. हवेत झेपावलेला खेळाडू शॉट किंवा पास करत असताना बचावपटूचा एक पाय जरी अर्धवर्तुळात किंवा त्याच्या रेषेवर असेल, तर चार्ज देता येत नाही. मात्र त्या झेपावलेल्या खेळाडूने हात, पाय किंवा शरीर बेकायदा वापरले, तर ही सूट त्यालाही नाही. लीडने म्हणून अशा खेळीत बचावपटूचे पाय आधी टिपून ठेवावेत, मग वर पाहावे. ट्रॅव्हलिंगच्या (चेंडू घेऊन नियमापेक्षा जास्त पावले टाकण्याच्या) बाबतीतही पायांचीच गोष्ट आहे: धावता-धावता चेंडू हातात घेणाऱ्या खेळाडूला २०१७ नंतरच्या नियमाने चेंडू पकडतानाचे पाऊल मोजायचे नाही, त्यानंतरची दोन मिळतात. जुन्या नियमांवर वाढलेले प्रेक्षक आणि काही प्रशिक्षक यावर ओरडतील.

सुरुवातीची तीन-चार मिनिटे सामन्याचे माप ठरवतात. त्या वेळी पेंटमधली रेटारेटी खपवून घेतली आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तीच पकडली, तर खेळाडूंचा राग रास्त असतो. दोन्ही टोकांना, दोन्ही संघांना आणि दोन्ही पंचांकडून माप एकच हवे. एका बाजूला शंकास्पद निर्णय गेला म्हणून दुसऱ्या बाजूला तोल साधणारा फाऊल शोधणे हा मी अन्यायच मानतो, कारण ज्या मुलाच्या नावावर तो फाऊल चढतो, त्याने काहीच केलेले नसते, आणि पाचव्या फाऊलवर त्यालाच बाहेर जावे लागते.

शिट्टीनंतर

फाऊल असेल तर एक मूठ वर, नियमभंग असेल तर उघडा तळवा वर. शिट्टीचा एकच खणखणीत आवाज. सहकाऱ्यानेही शिट्टी वाजवली असेल, तर दोघांनीही हात वर ठेवून एकमेकांकडे पाहावे आणि ज्याच्या भागात खेळी होती त्याला पुढे जाऊ द्यावे. एकाने ब्लॉक दाखवला आणि दुसऱ्याने चार्ज, असे झाले की ते सावरायला फार कठीण जाते, म्हणून पुढची खूण करण्याची घाई कोणीच करू नये. टेबलाला खेळाडूचा क्रमांक, फाऊलचा प्रकार आणि पुढे काय, या क्रमाने सांगावे. क्रमांक १६ किंवा त्याहून मोठा असेल, तर आधी हाताची मागची बाजू दाखवून दशक आणि मग तळवा दाखवून एकक. सहकाऱ्याचा निर्णय रद्द करण्याचा अधिकार क्रू चीफलाही, म्हणजे मुख्य पंचालाही, नाही. त्याला माहिती देता येते, बदलायचे की नाही ते निर्णय देणाऱ्याने ठरवायचे.

प्रशिक्षकांशी व्यवहार

नागपूरच्या शालेय स्पर्धांत बाकावर असलेले प्रशिक्षक अनेकदा क्रीडा शिक्षक असतात, आणि त्यांतल्या एखाद्याने तुम्हालाच पहिला लेअप शिकवलेला असतो. शिवाजीनगर किंवा धरमपेठ भागातल्या कोर्टांवर वाढलेल्या नव्या पंचाला हा पेच लवकरच गाठतो: ज्यांना आजवर खाली मान घालून «हो सर» म्हटले, त्यांना आता सर्वांसमोर नाही म्हणायचे. यावर माझा सल्ला असा आहे की आदर भाषेत पूर्ण ठेवावा आणि निर्णयात मुळीच आणू नये. सामन्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांना सारखाच नमस्कार करावा. एकाशी दहा मिनिटे गप्पा आणि दुसऱ्याशी नुसते हस्तांदोलन, असे करू नये. दोघांनाही «सर» किंवा «मॅडम» म्हणावे, दोघांनाही «तुम्ही». ओळखीच्या प्रशिक्षकांना मैदानात «दादा» किंवा «भाऊ» म्हणू नये. त्यांनी तुम्हाला «अरे बाळा, काय करून राहिला?» असे म्हटले, तरी उत्तर «सर, बचावपटूचा पाय रेषेवर होता» असेच असावे.

प्रशिक्षक उभे राहून बोलतात त्यात फरक करायला शिकणे महत्त्वाचे आहे. काही जण प्रश्न विचारतात: «सर, तो कशाचा फाऊल दिला?» त्यांना चेंडू मृत (खेळ थांबलेला) असताना एका वाक्यात उत्तर द्यावे, तो त्यांचा हक्क म्हणून नव्हे, तर त्याने सामना शांत राहतो म्हणून. काही जण मत सांगतात: «एकाच बाजूने चाललं आहे.» हे एकदा ऐकून सोडून देता येते, आणि प्रत्येक विधानाला उत्तर द्यायला गेलात तर तुम्हीच वादी होता. तिसरा प्रकार वेगळा आहे: हात उंचावून प्रेक्षकांना भडकवणे, टेबलावर हात आपटणे, कोर्टात शिरणे, तुमच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे किंवा शिवी देणे. इथे थांबण्यासारखे काही नसते.

पहिल्या दोन प्रकारांचे पुनःपुन्हा होणे रोखण्यासाठी इशारा आहे. तो खेळ थांबलेला असताना, जवळ जाऊन, हळू आवाजात आणि स्पष्ट शब्दांत द्यावा: «सर, मी ऐकलं. यापुढे असं झालं तर टेक्निकल द्यावा लागेल.» (टेक्निकल म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा फाऊल.) बोट रोखू नये, आणि प्रशिक्षकांना सर्वांसमोर खाली पाहायला लावू नये. इशारा दिल्याचे सहकाऱ्याला लगेच सांगावे, नाही तर तो दुसरा इशारा देतो, आणि बाकावर समजूत होते की इशारे कितीही मिळतात. सहायक प्रशिक्षक किंवा बाकावरचे इतर कोणी ओरडत असतील, तर मुख्य प्रशिक्षकांनाच सांगावे. कोर्टावरच्या खेळाडूंपैकी कर्णधारालाच, सभ्य भाषेत आणि खेळ थांबलेला असताना, माहितीसाठी तुमच्याशी बोलता येते.

इशाऱ्यानंतरही वर्तन सुधारले नाही, किंवा तिसऱ्या प्रकारचे काही घडले, तर टेक्निकल फाऊल द्यावा. दोन्ही तळव्यांनी इंग्रजी टीची खूण शांतपणे, छातीच्या उंचीवर करावी. ती रागाने आदळल्यास शिक्षा नियमाची न वाटता तुमची वाटते. खूण झाल्यावर त्या बाकापासून दूर जावे आणि बाकासमोरची जागा सहकाऱ्याला द्यावी. प्रशिक्षकांच्या स्वतःच्या वर्तनासाठी स्कोअरशीटवर सी आणि बाकावरच्या इतरांसाठी बी, दोन्ही मुख्य प्रशिक्षकांच्याच खात्यावर लिहिले जातात. प्रतिस्पर्धी संघाला एक फ्री थ्रो मिळतो, तो लगेच घेतला जातो, आणि खेळ जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो. बाकावरचे हे फाऊल संघाच्या फाऊलमध्ये मोजले जात नाहीत. टेबलाला याची आठवण करून द्यावी, कारण इथे स्कोअरशीटवर गल्लत होते. स्वतःच्या वर्तनाचे दोन सी, किंवा सर्व बी किंवा त्यांत एक सी धरून एकूण तीन, असे झाले की मुख्य प्रशिक्षक अपात्र ठरतात. अतिशय गंभीर वर्तनात, पंचावर हात उगारणे हे त्याचे उघड उदाहरण, पहिल्याच वेळी थेट अपात्र करता येते. स्वतःच्या संघातल्या मुलाला टाइमआउटमध्ये मारणारे प्रशिक्षकही मी याच वर्गात मोजतो, आणि «तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे» असे म्हणून पंचाने तोंड फिरवू नये.

अपात्र ठरलेल्या व्यक्तीने ड्रेसिंग रूममध्ये जाऊन तिथेच थांबायचे असते, किंवा हवे तर इमारत सोडायची असते. मोकळ्या मैदानावर खोली नसते, आणि प्रशिक्षक झाडाखाली जाऊन तिथून सूचना देत राहतात. अशा वेळी आयोजकांना बोलावून त्यांना फाटकाबाहेर न्यायला सांगावे, स्वतः अंगाला हात लावू नये, आणि ते गेल्याशिवाय खेळ सुरू करू नये. सहायक प्रशिक्षक नसल्यास कर्णधार मुख्य प्रशिक्षकांचे काम करू शकतो. शालेय संघ असेल तर नियम पूर्ण झाला तरी मुलांजवळ एक मोठे माणूस असावे, यासाठी आयोजकांकडून एखादे शिक्षक बाकावर बसवून घ्यावेत.

टेक्निकल देण्यास फार उशीर करणारे पंच मी खूप पाहिले आहेत, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तीन क्वार्टर सहन केलेला अपमान चौथ्यात फुटतो, तेव्हा तो नेमका दोन गुणांच्या फरकाच्या वेळी फुटतो, आणि मग त्या एका फ्री थ्रोवर सामना ठरतो. पहिल्या क्वार्टरमध्ये दिलेला योग्य टेक्निकल दोन्ही बाकांना उरलेल्या सामन्याची हद्द दाखवतो.

सामना संपल्यावर

स्कोअरशीट तपासून सही करावी, आणि क्रू चीफने सर्वांत शेवटी. सही होण्यापूर्वी कोणी गैरवर्तन केले, तर ते स्कोअरशीटच्या मागे लिहून मग सही करावी. कोणी अपात्र ठरले असेल, तर त्याच दिवशी आयोजकांकडे लेखी अहवाल द्यावा. त्यात क्वार्टर, घड्याळावरची वेळ, त्या वेळची गुणसंख्या, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आणि तुम्ही केलेली कारवाई एवढेच लिहावे; «अत्यंत उद्धट» अशी विशेषणे टाळावीत, कारण शिस्तपालन समितीला शब्द हवे असतात, तुमचे मत नव्हे. सहकाऱ्याने वेगळा अहवाल लिहावा, एकमेकांचा वाचून नव्हे. सामन्याबद्दल व्हॉट्सअॅपच्या गटात काही लिहू नये आणि मैदानाबाहेर थांबलेल्या पालकांशी निर्णयांची चर्चा करू नये. घरी पोहोचण्यापूर्वी सहकाऱ्याबरोबर बसून तीन-चार खेळी आठवाव्यात, आणि प्रत्येकीच्या वेळी आपण कुठे उभे होतो हे कागदावर अर्ध्या कोर्टाची आकृती काढून दाखवावे; पुढच्या सामन्यापूर्वीच्या चर्चेत तोच कागद सोबत न्यावा.